पट्टी मराठीत मागता, मग ठराव मराठीत का नाही?

गेल्या वर्षी एका सकाळी आमच्या घराच्या ओट्यावर लाल रंगानं एक आकडा लिहिला गेला. दोघं जण टेप घेऊन आले, रस्त्याच्या मधोमध धरून आमच्या भिंतीपर्यंत मोजलं, ब्रश बुडवला, आकडा लिहिला आणि शेजारच्या घराकडं गेले. आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, "काय करतायसा ओ?" त्यातला एक जण चालता चालताच म्हणाला, "रस्ता रुंद होणार हाय आजी. नोटीस दिल्ती की तुम्हाला."

नोटीस खरंच दिली होती. ती आमच्या पत्र्याच्या डब्यात, रेशन कार्ड आणि लाईट बिलांच्या मध्ये, नीट चार घड्या घालून ठेवलेली सापडली. आजी म्हणाली, "मला वाटलं पट्टीचा कागद असंल. तुझा बा आला की दाखवायचा म्हणून ठेवला आणि इसरले." बाबा टेम्पो चालवतात, रात्री उशिरा येतात, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेत. घरात कन्नड वाचता येणारी मी एकटी, आणि मी बेळगावात हॉस्टेलवर. शनिवारी घरी आले तेव्हा तो कागद पहिल्यांदा कुणीतरी वाचला. हरकत घ्यायची मुदत संपून अकरा दिवस झाले होते.

सोमवारी बाबा आणि मी ऑफिसात गेलो. तिथला कारकून फाईल काढून म्हणाला, "मुदत संपली की ओ काका. घरात वाचणारं कुणी नव्हतं काय?"

हे तो मराठीत म्हणाला, आणि चांगल्या मराठीत. माणूस वाईट नव्हता. त्यानं बाबांना खुर्ची दिली, ठरावाचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. त्याच्या घरी कन्नड बोलत असतील, पण या गावात नोकरी करायची तर मराठी यावीच लागते, आणि त्याला येते. मला राग आला तो याच गोष्टीचा. त्या ऑफिसच्या तोंडाला मराठी येते, कागदाला मात्र येत नाही.

गावाचं आणि ऑफिसचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका ऑफिसचा नाही. सीमाभागातल्या कुठल्याही गल्लीत विचारा. असा एक तरी कागद एखाद्या डब्यात घडी घालून ठेवलेला सापडेल.

आता पट्टीचं बघा. एप्रिल महिना आला की रिक्षा फिरते. "घरपट्टी भरा, पाच टक्के सूट मिळवा." आमच्या गावात हा भोंगा कन्नडमध्ये एकदा ओरडतो आणि मराठीत एकदा. पट्टी थकली की दारात येणारा माणूस मराठीत बोलतो. निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पत्रकं मराठीत छापली जातात, अगदी एरवी मराठी शब्द ऐकला की ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात त्यांचीसुद्धा. म्हणजे पैसे मागायचे असले, मत मागायचं असलं, तर या शहरात मराठी माणूस राहतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचा ओटा जाणार असला, त्याच्या गल्लीतली पाईपलाईन बदलणार असली, गाळ्याचं भाडं वाढणार असलं, की तोच माणूस एकदम कन्नड वाचणारा होतो.

इथं कुणीतरी लगेच म्हणेल, कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे, कारभार कन्नडमध्येच होणार. मान्य. राजभाषा कोणती हा या लेखाचा वादच नाही. मी राज्यशास्त्र शिकते, तेव्हा थोडं पुस्तकातलं बोलते. कंटाळू नका, हे आपल्या कामाचं आहे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात भाषेचा विषय दोन ठिकाणी येतो. कलम ६ मध्ये अर्ज कुठल्या भाषेत करायचा ते सांगितलंय: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. आणि कलम ४, पोटकलम ४ मध्ये सरकारी कार्यालयांनी आपण होऊन लोकांना माहिती कशी द्यायची ते सांगितलंय. तिथं शब्द बदलतो. तिथं म्हटलंय की माहिती पोचवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरेल अशी पद्धत लक्षात घ्यावी. एकाच कायद्यात एका जागी 'राजभाषा' आणि दुसऱ्या जागी 'स्थानिक भाषा'. कायदा लिहिणाऱ्यांना यातला फरक कळत होता. राजभाषा राज्याची असते. स्थानिक भाषा त्या गल्लीची असते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातही हेच. कलम ११ प्रमाणे जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना पंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत स्थानिक भाषेत लावली पाहिजे, आणि हरकतीला ६० दिवस दिले पाहिजेत. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात तर हरकतीला फक्त २१ दिवस. एकवीस दिवसांत शेतकऱ्यानं कागद शोधायचा, वाचून घ्यायचा, समजून घ्यायचा, वकील गाठायचा आणि हरकत लिहायची. त्यातले निम्मे दिवस "हे काय लिहिलंय ओ?" असं विचारत फिरण्यात गेले, तर उरलं काय? हलगा-मच्छे बायपासमध्ये जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोर्टाच्या पायरीपर्यंत जायच्या आधीची जी पहिली पायरी असते, ती कागद कळण्याची.

याहून जुनी गोष्ट. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली तेव्हाच केंद्र सरकारनं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं निवेदन काढलं. ज्या तालुक्यात, ज्या नगरपालिका क्षेत्रात एखादी अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील, तिथं महत्त्वाच्या सरकारी नोटिसा आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असं त्यात होतं. पुढं १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत १५ टक्क्यांची रेघ मान्य झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात मातृभाषा मराठी असणारे १८ टक्क्यांहून जास्त आहेत. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत तर हे प्रमाण त्याच्या कितीतरी वर आहे. म्हणजे जिल्ह्याचा हिशेब धरा नाहीतर तालुक्याचा, रेघ आपण केव्हाच ओलांडलीय.

आणि घटनेचं कलम ३५० म्हणतं की कुणालाही आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मराठी कर्नाटकात वापरात नाही असं म्हणायची हिंमत कुणी करणार नाही. गंमत अशी की या कलमात गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे, त्याच भाषेत उत्तर मिळायचा उल्लेख नाही. म्हणून आपण गेली साठ-सत्तर वर्षं मराठीत विचारतोय आणि कन्नडमध्ये ऐकतोय.

दुसरा मुद्दा नेहमी येतो, तो म्हणजे "कन्नड शिका की." मी शिकले. शाळेत शिकले, आवडीनं शिकले, कन्नड सिनेमे बघते. आमच्या पिढीतली बहुतेक पोरं वाचतात. पण सत्तरी ओलांडलेल्या आजीला तुम्ही काय सांगणार? रस्ता रुंद व्हायच्या आधी साक्षरता वर्गाला जा? कन्नड येणं चांगलं आहे, पण ते न येण्याची शिक्षा म्हणून ओटा जाणं चांगलं नाही.

आणि खरं सांगू? ती नोटीस मी हॉस्टेलवर माझ्या मैत्रिणीला दाखवली. ती गोकाककडची, घरची भाषा कन्नड. तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, "हे ऑफिसचं कन्नड आहे ग, मलाच धड कळत नाही. आमच्या गावातपण असलंच येतंय, कोण वाचतंय?" तिच्यासाठी तो कागद मी मराठीत फोडून सांगितला आणि माझ्यासाठी तिनं कन्नडमधले अडलेले शब्द सोडवले. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न फक्त मराठी-कन्नड असा नाही. लोकांना कळू नये अशाच रीतीनं लिहिलेला कागद कन्नड माणसालाही कळत नाही. फक्त त्याला तो निदान अक्षर लावून वाचता येतो, आणि आजीला तेवढंही नाही.

याउलट आणखी एक गंमत. त्या शनिवारी मी आजीला नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली. कन्नड कागदावर शब्द होता 'ठरावु'. दुसरा होता 'तकरारु'. आजी म्हणाली, "ठराव आणि तक्रार? हे तर आपलंच की." आयुष्यभर बाजारात कन्नड ऐकलेली बाई. कुणी मुदतीत नुसतं वाचून दाखवलं असतं, तरी अर्धं तिला कळलं असतं. पण वाचून दाखवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आता आपल्याच माणसांचं बोलते. या पानावर हे लिहिताना जरा जपून लिहावं लागेल असं मला वाटलं होतं, पण नाही लिहिलं तर अर्धाच लेख होईल.

आपल्यातली काही जाणती माणसं म्हणतात, आपली मागणी महाराष्ट्रात जायची आहे. इथल्या पालिकेकडं मराठी कागद मागत बसणं म्हणजे इथला कारभार मान्य केल्यासारखं होतं. मी या माणसांचा मान ठेवते. त्यांनी लाठ्या खाल्ल्यात, मी नाही. पण महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ साली. मी तेव्हा जेमतेम जन्मले होते. आज मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दाव्याचा निकाल लागलेला नाही. तेवढ्या काळात किती ठराव झाले असतील? किती गल्ल्यांचे रस्ते, किती गटारी, किती गाळे, किती जागा? निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि लागावा हीच इच्छा. पण तोपर्यंत जो ओटा गेला तो कुठलंच राज्य परत बांधून देणार नाही. हक्काचा कागद मागणं म्हणजे शरणागती नव्हे. पट्टी आपण भरतो ना? ती भरताना मान्यता-अमान्यतेचा विचार करत नाही. मग तिचा हिशेब मागताना का करायचा?

आपल्याला एक ठराव तोंडपाठ आहे. २००५ साली बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. त्यावरून बेंगळूरमध्ये तेव्हाचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि महापालिका बरखास्त झाली. तो ठराव प्रत्येक मराठी घरात माहीत आहे, आणि असायलाच हवा. पण आपल्या वॉर्डातल्या पाण्याच्या लाईनचा, कचऱ्याच्या ठेक्याचा, बागेच्या जागेचा गेल्या वर्षातला एक तरी ठराव तुम्हाला सांगता येईल? मलाही येत नव्हता. लाल आकडा आमच्या ओट्यावर येईपर्यंत मलाही येत नव्हता.

पाटीसाठी आपण रस्त्यावर येतो. २०२४ साली कर्नाटकानं पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा केला, तेव्हा आपण सगळे तापलो. मीही तापले होते. पण बघा, दुकानाच्या पाटीवर निदान ४० टक्के जागा दुसऱ्या भाषेला शिल्लक आहे. आमच्या घरी आलेल्या कागदावर मराठीला एक ओळसुद्धा नव्हती. त्या कागदासाठी मात्र कुणी तापलं नाही. पाटी भिंतीवर असते, सगळ्यांना दिसते, तिचा फोटो निघतो. ठराव फाईलमध्ये असतो, तो दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यावरच आपलं घर, पाणी आणि रस्ता ठरत असतो.

बेळगावचंच बघा. महापालिकेच्या आधीच्या सभागृहाची मुदत २०१९ साली संपली. निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, ५८ वॉर्डांची, पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर. निवडून आलेल्यांतून महापौर झाले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षं शहराचे निर्णय प्रशासकानं घेतले. त्याच काळात स्मार्ट सिटीची कामं चालू होती. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं होतं, आणि त्या कामांसाठी वेगळी कंपनी होती, तिचं वेगळं संचालक मंडळ होतं. रस्ते खोदले गेले, बसथांबे झाले, फूटपाथ झाले. कुठला रस्ता आधी, कुठला नंतर, किती रुंद, कुणाच्या दारातून, हे कुणी ठरवलं आणि कधी? हे तेव्हा विचारणारं सभागृहच नव्हतं. आणि विचारायची सवय आपल्याला नव्हती.

मुदतीचे विषय तर सतत येत राहतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं अनधिकृत लेआउटमधल्या मिळकतींना बी-खाता द्यायची मोहीम काढली आणि त्यासाठी तीन महिने दिले. आपल्याकडं रेव्हेन्यू जागेवर घर बांधून राहिलेली किती माणसं आहेत, ते मी सांगायला नको. ज्याला पहिल्या आठवड्यात कळलं तो शांतपणे कागद गोळा करतो. ज्याला शेवटच्या आठवड्यात कळलं तो एजंटाच्या दारात उभा राहतो. माहिती उशिरा मिळाली की तिची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत कुणाच्या तरी खिशात जाते. कागद न कळणं हा कुणाचा तरी धंदा आहे, हे विसरू नका.

कुणी म्हणेल, आपल्याकडं मराठी वर्तमानपत्रं आहेत की. आहेत, आणि त्यांचे उपकार आहेत. 'तरुण भारत' बेळगावात १९१९ पासून निघतोय. पालिकेच्या बैठकीत काय झालं ते आपल्या आजोबांपासून सगळ्यांना मराठीत कळलं ते वर्तमानपत्रांमुळंच. पण बातमी ही बातमी असते. बैठकीत भांडण काय झालं ते बातमीत येतं. तुमच्या घराचा सर्व्हे नंबर त्यात येत नाही. "मी पेपरात वाचलं नाही" असं सांगून मुदत वाढत नाही आणि "पेपरात वाचलं" म्हणून ठरावाची प्रत मिळत नाही. सरकारचं काम वर्तमानपत्रावर ढकलू नका.

आणि आपले मराठी नगरसेवक. सभागृहात मराठीतून विषयपत्रिका द्या म्हणून ते मागणी करतात, त्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांचं कौतुक आहे. पण दादा, ताई, एक विचारू का? मराठी विषयपत्रिका मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत बैठकीत काय ठरलं ते वॉर्डात येऊन मराठीत सांगायला तुम्हाला कोणत्या आयुक्तानं अडवलंय? तुमच्या वाढदिवसाचा बॅनर अगदी शुद्ध मराठीत चौकात लागतो. त्याच चौकात, त्याच मराठीत, "या बैठकीत आपल्या वॉर्डाबाबत हे चार विषय झाले" असा एक कागद का लागत नाही? हे मी कुठल्या एका पक्षाला किंवा समितीला म्हणत नाही. चिन्ह कुठलंही असो, मत मराठीत मागितलं असेल तर उत्तरही मराठीत द्या.

आता जे आपल्यासाठी मागतो ते दुसऱ्यालाही मिळायला हवं, नाहीतर आपल्या मागणीत दम नाही. सांगलीतल्या जतमध्ये, सोलापुरातल्या अक्कलकोटमध्ये कन्नड बोलणारी गावं आहेत. तिथल्या आजीच्या डब्यातही मराठी कागद घडी घालून पडलेला असणार. तिलाही तो कन्नडमध्ये मिळायला हवा, आणि महाराष्ट्रानं तो मागायची वाट न बघता द्यावा. केरळात कासरगोडच्या कन्नड माणसांसाठी कर्नाटकातले नेते आवाज उठवतात. बरोबरच करतात. केरळाच्या १९६९ च्या राजभाषा कायद्यातही तमिळ आणि कन्नड अल्पसंख्याकांना आपल्या भाषेत सरकारशी पत्रव्यवहार करायची सोय आहे. शेजारच्या गोव्यात १९८७ च्या कायद्यानं कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठी वापरायचीही मुभा राहिली. म्हणून कुठलं राज्य बुडालं नाही. कासरगोडच्या कन्नड आजीसाठी जे न्याय्य आहे, ते माझ्या आजीसाठी देशद्रोह कसं होतं, एवढं मला कुणीतरी समजावून सांगावं.

मागणी मोठी नाही. बैठकीच्या आधी विषयपत्रिका कन्नडबरोबर मराठीतही लावा. बैठकीनंतर वॉर्डवार ठरावांचा एक पानाचा सारांश मराठीतही द्या. ज्या नोटिशीत हरकतीची मुदत आहे ती दोन्ही भाषांत दिल्याशिवाय मुदत मोजायला सुरुवात करू नका. आणि तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या असल्याच पाहिजेत, हे घटनेच्या कलम २४३-एस मध्ये १९९३ पासून लिहिलेलं आहे. २०११ सालीच बेळगावची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या पुढं होती. त्या समित्या नीट बसू द्या, नावापुरत्या नकोत, आणि तिथं मराठीत बोललेलं मराठीत लिहून घ्या.

हे सगळं मिळेपर्यंत काय करायचं? आमच्या गल्लीत आम्ही जे केलं ते सांगते, कारण त्यात काही विशेष नाही आणि ते कुणालाही जमेल.

मी माहिती अधिकारात इंग्रजीतून अर्ज टाकला, कारण कायद्यात इंग्रजी चालते. गेल्या काही बैठकांच्या ठरावांच्या प्रती मागितल्या. आल्या त्या कन्नडमध्ये. मी आणि माझी गोकाकची मैत्रीण, दोघींनी दोन रविवार बसून त्यातले आमच्या भागाचे विषय काढले. आमच्या रस्त्याचा ठराव पाच महिन्यांपूर्वी झाला होता. दोन ओळींचा. आमच्या तरुण मंडळाचा एक फळा आहे, त्यावर सुविचार लिहितात आणि कुणी वारलं तर अंत्ययात्रेची वेळ. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात आम्ही मराठीत लिहायला लागलो. कुठला विषय, काय ठरलं, हरकत घ्यायची असेल तर कुठल्या तारखेपर्यंत. अक्षर मोठं, शब्द साधे, मत काही नाही.

पहिल्या महिन्यात लोक थांबून वाचायचे आणि पुढं जायचे. दुसऱ्या महिन्यात भाजी मार्केटच्या कट्ट्यांच्या फीचा विषय फळ्यावर आला, बैठकीच्या आधी. भाजी विकणाऱ्या सात-आठ बायका अर्ज घेऊन ऑफिसात गेल्या. अर्ज मराठीत, कारण कलम ३५०. तोच कारकून होता. त्यानं अर्ज घेतला, पोच दिली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आता तुम्ही आधीच यायला लागलासा." फी वाढलीच, पण ठरली होती तेवढी नाही वाढली. यात फळ्याचा वाटा किती हे मी सांगू शकत नाही. पण त्या बायका मुदतीच्या आत गेल्या होत्या, एवढं नक्की.

त्यासाठी तीन माणसं लागतात. एक कन्नड वाचणारा, एक मराठीत सोपं लिहिणारा आणि एक ऑफिसात हेलपाटे घालायला न कंटाळणारा. तुमच्या मंडळात गणपतीच्या वर्गणीला वीस पोरं फिरतात. त्यातली तीन द्या. कन्नड शेजारी असेल तर त्यालाही घ्या, फळ्यावर दोन्ही भाषांत लिहा. कागद त्यालाही कळलेला नसतो.

आमचा ओटा मात्र गेला. हरकत उशिरा होती, ती उशिराचीच राहिली. रस्ता रुंद झाला आहे, गाड्या वेगानं जातात. आजी आता उंबऱ्याच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तांदूळ निवडते. मी घरी गेले की पहिलं विचारते, "फळ्यावर काय आलंय?" आणि मी तिला वाचून दाखवते.

तुमच्या पालिकेची पुढची बैठक कधी आहे? तिथं तुमच्या वॉर्डाचे विषय कुठले आहेत? माहीत नसेल तर उद्याच जाऊन विचारा. मराठीत विचारा, आणि उत्तर लेखी मागा.